नुसता टेकवायचा पाय

मी पायाळू नाही. आणि वहिनीच्या पाठीवर पाय ठेवला त्या दिवशी हे मला चांगलं माहीत होतं.

यातलं पहिलं वाक्य मी एकदा, एका माणसाला सांगितलंय. दुसरं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. इथं लिहितोय, कारण तोंडातून ते निघत नाही. जिभेपर्यंत येतं आणि तिथं ‘चहा टाकू का’ होऊन बाहेर पडतं.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्याकडं अशा माणसाच्या पायाला गुण असतो म्हणतात. पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळूला बोलवायचं. दुखणारा माणूस पालथा झोपतो आणि पायाळू डाव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवतो. नुसता टेकवायचा. दाबायचं नाही, रेटायचं नाही. गुण पायात असतो, वजनात नसतो. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं त्याच्यावरच अडलंय.

आम्ही केमकडच्या एका वाडीतून सोलापुरात आलो तेव्हा मी जेमतेम चार वर्षांचा होतो. वडील सूतगिरणीत लागले होते आणि खोली शोधत होते. विणकरांच्या गल्लीत एक खोली रिकामी होती. घरमालकीण तेलुगू बोलणारी म्हातारी. मराठीही बोलायची, आपल्या चालीत. तुम्ही कुठले, कोण, हे विचारून झालं होतं आणि त्यानंतर खोली अचानक दुसऱ्या कुणाला तरी बोललेली निघाली होती. हे पहिलंच घर नव्हतं. वडील वळले. आई मात्र उभी राहिली. म्हातारी एका हातानं कंबर धरून बोलत होती, ते तिनं बघितलं होतं.

“काय झालंय कमरंला?”

“उसण. आठ दिस झाले.”

आईनं मला दंडाला धरून पुढं केलं. “ह्यो पायाळू हाय.”

म्हातारी तिथंच, मागाच्या शेजारी, गोणपाटावर पालथी झोपली. माझा पाय आईनं हातात धरून तिच्या कमरेवर तीनदा टेकवला. दुसऱ्या दिवशी तिची कंबर सुटली. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या खोलीत राहायला गेलो. त्या घरात आमच्या हातचं पाणी चालायला पुढं काही वर्षं गेली. माझा पाय मात्र पहिल्याच दिवशी पाठीवर चालला.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि वडिलांचं म्हणणं होतं, अंगात येणं, उतारे, गंडेदोरे, असलं सगळं आपण सोडून आलोय. गल्लीतली माणसं कंबर धरून माझ्यासाठी दारात आली की ते वर्तमानपत्र उघडून बसायचे. खोली त्या पायावर टिकलीय हे त्यांनाही कळत होतं.

मला माझंच कौतुक फार वाटायचं. शाळेतून आलो की कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. शेंगाचटणी, चिक्की, एखादा टॉवेल, काहीतरी हातात यायचं. एकच गोष्ट वाईट होती. पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. ढग वाजायला लागले की मी पलंगाखाली जाऊन पाय पोटाशी घेऊन बसायचो. आई बाहेरून म्हणायची, “काय न्हाय हुत रे.” यापुढं ती काही बोलायची नाही. तिचा तो आवाज मला अजून आठवतो. सांगायचंय आणि सांगता येत नाही, असा आवाज. आता तो मला स्वतःच्या गळ्यात ऐकू येतो.

वहिनी दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी हाफपँटमध्ये होतो. ती अक्कलकोटकडची, माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. दुखलं, चिडली, दचकली की कानडी बाहेर यायची. मी नाक पुसायच्या वयाचा, पण तिनं मला पहिल्या दिवसापासून भावजी म्हटलं आणि ‘तुमी’च म्हटलं. माहेरी जाऊन सांगायची, आमचे भावजी पायाळू हायत, बीएस्सी करणार हायत. पायाळू आधी आणि बीएस्सी नंतर. माझी आई दिवसभर विड्या वळायची. मला जेवायला वाढणं, माझा अभ्यास घेणं, माझ्या शर्टाची बटणं, हे सगळं वहिनीनं केलं. बीएस्सी झालं. सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. गल्लीतच आम्ही घर घेतलं, दादा-वहिनी खाली, आम्ही वर.

आईनं मला खरं सांगितलं ते तिच्या शेवटच्या वर्षात. उन्हाळ्यातली दुपार होती. मी तिच्या पायाची नखं कापत होतो. ती माझ्याकडं बघत बसली होती. एकदम म्हणाली, “तुझ्या पायात काय न्हाय रे बाबा.”

“म्हणजे?”

“डोकं आदी आलं तुजं. लई मोठं डोकं. जीव घेतलास माजा.”

मी नेलकटर हातात धरून बसलो. “मग पायाळू?”

“मग काय. खोली पायजे हुती.”

हे ती अशा सुरात म्हणाली की जणू मी भाजीत मीठ का घातलं म्हणून विचारलं होतं. उरलेली नखं कापून मी विचारलं, इतकी वर्षं नाही सांगितलं, मग आत्ता कशाला? ती म्हणाली, “ढग वाजले की तू अजून बी खुर्चीवर पाय वर घेतोस. पन्नाशीला आलास. ते बघवंना म्हणून सांगितलं.”

तिनं मला विजेतून सोडवलं. त्या पावसाळ्यात मी गच्चीत उभा राहून वीज बघितली, लहान पोरासारखी. पण खाली गल्लीत माणसं कंबर धरून यायची थांबली नव्हती. पूर्वीइतकी नाही, आता गोळ्या झाल्या, मलम झाली; तरी यायची. त्यांना काय सांगायचं? की माझ्या आईनं तुमच्या आजीला फसवून खोली घेतली? म्हातारी मालकीण जाऊन किती वर्षं झाली होती. तिची नातवंडं मला काका म्हणतात. आई गेली, आणि हे सांगणं म्हणजे तिच्या मागं तिला खोटी पाडणं. मी पाय लावत राहिलो.

फक्त एक बदल झाला आणि तो माझा मला कळायलाही वेळ लागला. मी भार द्यायला लागलो. पूर्वी टेकवायचो, कारण मला वाटायचं, पायात काहीतरी आहे. आता पायात काही नाही हे माहीत झाल्यावर नुसता टेकवलेला पाय मला चोरासारखा वाटायचा. निदान जरा दाबलं तर स्नायू तरी मोकळा होईल, माणसाला काहीतरी मिळेल, असा माझा हिशेब. लोक उठून म्हणायचे, “हल्ली तुमच्या पायाला जास्तच गुण आलाय बघा.” मी हसायचो.

सोलापुरात पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचा दिवस आला की घरातलं सगळं बाजूला ठेवून भरायचं. त्या दिवशी सकाळी वहिनी भरलेली घागर उचलून वळली आणि तशीच थांबली. घागर सुटली, अंगणभर पाणी झालं. “अव्वा,” एवढंच म्हणाली, कानडीत आई गं. उसण भरली होती.

दादा रेल्वेत, होटगीला नोकरी. ड्युटीला जायच्या तयारीत होता. त्यानं जिन्याखालून हाक मारली, “ओ पायाळू, या खाली. घरचं गिऱ्हाईक हाय आज.”

मी म्हणालो, डॉक्टरला दाखवू.

“घरात झाड असताना सावली इकत घ्यायची व्हय? लाव की पाय. मला गाडी गाठायचीय.”

वहिनी सतरंजीवर पालथी झोपलीच होती. मान तिरकी करून म्हणाली, “भावजी, लावा लवकर. अजून दोन बॅरल भरायचेत.”

तेव्हा सांगता आलं असतं. दादा होता, वहिनी होती, आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरातलीच माणसं. हसली असती, विसरली असती. मी काय केलं, तर चप्पल काढली.

तिच्या पाठीवर मी कधीच पाय ठेवला नव्हता. वहिनी ती, तिला कधी उसणच भरली नव्हती. पहिल्यांदा ठेवला तेव्हा ओशाळलो. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा मनात आलं, हिला तरी गुण यायला पाहिजे. जिनं मला वाढवलं तिला माझ्याकडून नुसता देखावा नको. आणि मी भार दिला. नेहमीपेक्षा जास्त. तळव्याखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. आवाज झाला की नाही, सांगता येत नाही. पाण्याचा नळ जोरात चालू होता.

“साकु,” वहिनी म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. हळूच म्हणाली.

मी पाय उचलला. तिसऱ्यांदा ठेवला नाही. ती उठली, बरं वाटतंय म्हणाली, उरलेलं पाणी दादानं गाडी चुकवून भरलं. संध्याकाळी तिच्या डाव्या कुल्ह्यापासून अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखी कळ सुरू झाली. आठवडाभरात तिच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागं राहायला लागली. तिला कळायचंही नाही. मी मागून चप्पल उचलून आणायचो.

एमआरआय झाला. सर्जननं फिल्म उजेडाला धरून दाखवली: मणक्यांच्या मधली गादी मागं सरकून नसेवर बसली होती. अंगठा वर उचला म्हणाले. उजवा उचलला. डावा अर्धवट उचलला आणि तिथंच थरथरत राहिला. मी विचारलं, कशानं झालं असेल? ते म्हणाले, “वजनानं होतं, वाकण्यानं होतं. कधी कधी नुसत्या शिंकेनंही होतं. आता ते शोधून काय उपयोग?” माझी अर्धी सुटका आणि अर्धी फाशी त्या एका वाक्यात झाली. गादी घागरीनं सरकली असेल, पायानं सरकली असेल, दोन्हीनं सरकली असेल. मला कधीच कळणार नाही.

ऑपरेशनचं नाव काढल्याबरोबर वहिनीनं पदर खोचला. “पाठीला सुरी लावू देणार न्हाय.” सर्जन म्हणाले, ताकद थोडीच कमी आहे, काही आठवडे थांबून बघता येईल. पण अंगठा आणखी पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी यायचं. मग दादाच्या एका दोस्तानं ते मशीन सांगितलं, विनाऑपरेशन मणका मोकळा करणारं. सर्जनना विचारलं. “करून बघा. काहींना आराम पडतो. पण मी सांगितलेल्या खुणा विसरू नका.”

ती जागा स्टेशनकडच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. एक टेबल, मधोमध दोन भागांत तुटलेलं. वरचा भाग जागेवर, खालचा भाग रुळावर सरकणारा. माणसाला उताणं झोपवायचं, छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा, गुडघ्याखाली लोड. मग यंत्र खालचा भाग हळूहळू ओढतं, थोडा वेळ धरून ठेवतं, सैल सोडतं, पुन्हा ओढतं. असं अर्धा-पाऊण तास. मणक्यांच्या मधली जागा मोकळी होते, गादीवरचा दाब उतरतो, अशी त्यामागची कल्पना. फिजिओथेरपीवाली मुलगी शांत होती, आमच्या मुलीच्या वयाची. तिनं आधीच सांगितलं, “काकू, मी खात्री देत नाही. दुखणं कमी व्हायची शक्यता आहे. अंगठ्याची ताकद आपण दर वेळी तपासत राहू.”

मग तिनं माहिती विचारली. कधीपासून दुखतंय, पडला होता का, आधी कधी झालं होतं का.

“कुणाकडून चोळून, दाबून घेतलं? पायानं तुडवून वगैरे? लाजू नका, आमच्याकडं बरेच जण तसं करून आलेले असतात.”

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो. वहिनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“न्हाय. पाण्याची घागर उचलली.”

रिक्षात बसल्यावर म्हणाली, “तिला काय सांगायचं. हसली असती तुमाला.”

खरं तर त्याच क्षणी मी परत वर जाऊन त्या मुलीला सांगायला हवं होतं. रिक्षा पुलापर्यंत गेली तरी मी तेच ठरवत होतो.

पहिल्या दिवशी पट्टे आवळल्यावर वहिनी म्हणाली, “पोरी, हे माजं लुगडं पिळून वाळत घालणार की काय?” मुलगी हसली. तिनं वहिनीच्या हातात वायर जोडलेलं एक बटण दिलं. जुन्या दवाखान्यात उशाशी घंटी असायची तसं. “काहीही जास्त झालं, कळ आली, की हे दाबायचं. मशीन लगेच सैल होईल.”

वहिनीनं ते बटण मुठीत धरलं. यंत्र ओढायला लागलं. एका पडद्यावर रेघ चढायची, सपाट व्हायची, उतरायची. ती चढली की माझ्या बुटातली बोटं आपोआप आवळली जायची. वहिनीचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मधेच कुजबुजली, “साकु.” मुलीला कानडी येत नव्हती. मी उठून म्हणालो, पुरे म्हणतायत त्या. मुलीनं यंत्र थांबवलं. “काकू, बटण का नाही दाबलं?”

“दुखत न्हवतं तेवढं.”

त्यानंतर ती तोंडातूनही काही काढेना. मी दर खेपेला त्या मुठीकडं बघत बसायचो. दाब, म्हणायचो मनात. एकदा तरी दाब. मुठीत बटण होतं आणि हाताचा अंगठा त्याच्यापासून बाजूला धरलेला होता.

दादा सुट्टीच्या दिवशी एकदा बरोबर आला. पडद्यामागून डोकावला आणि म्हणाला, “ऊस चरकात घालतेत तसं घातलंय की हिला. रस निघतोय का?”

“रस तुमी काढला की सगळा,” वहिनी पट्ट्यातून म्हणाली. “आता चिपाड राहिलंय, ते दुरुस्तीला आणलंय.”

हळूहळू पायातली कळ कमी झाली. ती आधी रात्रभर कूस बदलायची, आता सलग झोपायला लागली. बसून भाकरी करायला लागली, मुलीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेली. पण अंगठा तसाच. मुलगी दर वेळी बोट ठेवून म्हणायची, माझ्या बोटाला वर ढकला. उजवा ढकलायचा. डावा नुसता विचार करत राहायचा. मग एक दिवस ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, दुखणं कमी झालं ही चांगली गोष्ट आहे. पण ताकद येत नाहीये, उलट मला किंचित कमी वाटतेय. आता थांबू नका. सर्जनना परत दाखवा. नस फार दिवस दबून राहिली तर पाय तसाच राहू शकतो.”

त्या दिवशी रिक्षा मिळेना. आम्ही इमारतीखाली रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. मी तिला सर्जनचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, “भावजी, एक बोलू?”

“बोला की.”

“त्या दिवशी तीनदा झालं न्हाय. दोनदाच झालं. मीच साकु म्हणले. तिसरा राहिला, म्हणून अडलंय हे. चूक माजी हाय.”

एवढे दिवस ती बटण का दाबत नव्हती ते मला तेव्हा कळलं. एकदा पुरे म्हटलं आणि पाय गेला, असं तिनं धरलं होतं. पुन्हा पुरे म्हणायला ती तयार नव्हती.

“मशीनला काय कळतंय,” ती म्हणाली. “तुमी तिसरा पाय लावा. मग बघू तुमचा सर्जन.”

“वहिनी,” मी म्हणालो, “मी पायाळू नाही.”

ती ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी हसली.

“खरंच सांगतोय. माझं डोकं आधी आलं होतं. आईनं सांगितलं, जायच्या आधी. ते खोली मिळावी म्हणून बोलली होती ती.”

“आत्याबाईंनी?” ती अजून हसतच होती. “आवो, शेवटी शेवटी त्या काय बी बोलायच्या. मला त्यांची भन समजून बोलायच्या. मला म्हणाल्या, तुला गाडीत इसरून आले. ते बी खरंच काय?”

“त्या वेळेला ती शुद्धीत होती.”

“बाळंत व्हताना हुत्या का शुद्धीत? पोर कसं आलं ते आईला कुटं दिसतंय, सुईणीला दिसतंय.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “गल्लीतली इतकी मानसं बरी झाली, ती काय खोटी हायत? तुमी मनाला लावून घेऊ नका. माज्या चुकीनं झालंय, तुमच्या पायाचा दोष न्हाय.”

इथंच पुढचं वाक्य होतं. की मला तेव्हाच माहीत होतं. की पायात काही नाही हे माहीत होतं म्हणूनच मी भार दिला. खरा पायाळू असतो किंवा तसं समजत असतो, तर नुसता टेकवला असता. पहिलं वाक्य तिनं हसण्यावारी नेलं, ते माझ्या आईवर गेलं, म्हातारपणावर गेलं, सुईणीवर गेलं. दुसरं कुणावरच ढकलता आलं नसतं. ते फक्त माझं होतं. रसवंतीवाल्यानं विचारलं, दोन ग्लास का? मी म्हणालो, दोन, बिनबर्फाचे.

रविवारी सकाळी खालच्या खोलीत तिनं सतरंजी अंथरली. दादा दाढी करता करता आरशातून बघत होता. “आज ओव्हरटाइम का पायाळू?” म्हणाला. वहिनी पालथी झाली. परकराच्या नाडीच्या वर, पट्ट्यानं काचून कातडीवर एक तांबूस रेघ उमटलेली होती. त्या रेघेच्या जरा वर मी पाय टेकवला. नुसता टेकवला. इतका हलका की मलाच तो लागल्यासारखा वाटेना. सगळं वजन मी दुसऱ्या पायावर घेतलं होतं. मी पाय काढला.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“आता पुरं झालं,” ती म्हणाली आणि हातावर रेटा देऊन उठली. तिच्या तोंडावर इतका आराम होता की दादासुद्धा ब्रश खाली ठेवून बघत राहिला. “बगा, फरक हाय,” ती त्याला म्हणाली.

त्यानंतर ती मशीनला गेली नाही. थोड्याच खेपा राहिल्या होत्या. मुलीचा फोन आला. वहिनीनं तिला सांगितलं, पोरी, मला गुण आला, तुज्या बी हाताला यश हाय. सर्जनकडं जाऊ म्हटलं की म्हणते, दुखतंय कुटं आता? आणि खरंच, दुखत नाही. मुलीनं मला नंतर फोनवर समजावलं: कळ थांबली म्हणजे नस सुटलीच असं नसतं, कधी कधी ती बोलायचंच बंद करते. हे मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “तुमचा पाय लागलाय, आता काय हुत न्हाय.” माझ्याच पायानं माझं तोंड बंद केलंय.

गल्लीत तिनं सांगून टाकलंय. माझ्याकडं येणारी माणसं पुन्हा वाढलीत. परवा एक बाई मानेला टॉवेल गुंडाळून आली होती. मी म्हणालो, मी सोडलंय ते. ती खाली वहिनीकडं जाऊन बसली. वहिनीनं जिन्याखालून हाक मारली, “भावजी, लावा की, बिचारी कुमठ्यावरनं आलीय.” मी अंघोळीत आहे म्हणून सांगितलं. बादली भरून तशीच वाहू दिली. पाण्याचा दिवस नव्हता तरी.

मी वरून ऐकतो, ती अंगणातून चालते तेव्हा. उजवं पाऊल टाच, मग चवडा. डावं एकदम सगळं फरशीवर पडतं, सपाट, चापट मारल्यासारखं. पूर्वी ते कमी ऐकू यायचं. चप्पल तिनं आता पट्ट्याची घेतलीय, म्हणजे मागं राहत नाही. दादाला वाटतं सुधारणा आहे. तोही तिला विचारत नाही, मीही त्याला सांगत नाही. संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसतो. ती मला विचारते, कचेरीत काय झालं. मी सांगतो. ती डाव्या पायाचा अंगठा उचलून बघत असते, असं मला दिसतं. मग माझ्याकडं बघते आणि पाय पदराखाली घेते.

वहिनीला माझं एक वाक्य द्यायचं राहिलंय: मी पायाळू नाही हे मला आधीच माहीत होतं, म्हणूनच मी तुमच्या पाठीवर भार दिला, तुम्ही साकु म्हणालात ती चूक नव्हती. आणि हे सांगितल्यावर, ती माझ्याशी बोलो न बोलो, तिला सर्जनकडं नेणं राहिलंय. यातलं एकही अजून केलेलं नाही.